तिसऱ्या हाकेपर्यंत

बाबा,

आठ दिवस झाले, मी गाणी ऐकणं बंद केलं आहे. सुनेला आधी वाटलं रेडिओ बिघडला. तिने सेल बदलून पाहिले, मग रेडिओ कानाशी धरून हलवला. त्यानंतर तिला वाटलं, मीच बिघडले. "आई, बरं नाही का वाटत?" मी म्हटलं, "बरी आहे गं. थोडे दिवस नकोत गाणी." म्हटलं आणि जीभ चावली. 'थोडे दिवस' हे तुमचे शब्द. तुम्ही ते म्हणालात तेव्हा मी सतरा वर्षांची होते, आणि आता तुम्ही गेलात त्या वयाच्याही मी कितीतरी पुढे निघून आले आहे. चंद्रपूर तेव्हा चांदा होतं. आता इथे चोवीस तास काही ना काही वाजत असतं, ट्रक, भोंगे, शेजारच्या लग्नांचे डीजे. पण मी माझ्यापुरतं बंद ठेवलं आहे. तुमचा चावीचा बाजा, तो जुना ग्रामोफोन, कपाटावर आहे. सून त्याला शोपीस म्हणते आणि दर शनिवारी फडक्याने पुसते. त्याची वाकडी लोखंडी किल्ली मात्र मी कुणाच्या हाती देत नाही. ती माझ्या उशाशी असते, तुमच्याच जुन्या खाकी सदऱ्याच्या तुकड्यात गुंडाळलेली. का देत नाही, हे घरात कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हालाही नाही.

आपला जंगलखात्याचा नाका धानोऱ्याच्या वाटेवर होता. नाका म्हणजे काय, एक कौलारू चौकी, रस्त्यावर आडवा टाकलेला बांबू, त्याच्या एका टोकाला बांधलेला दगड, आणि मागे आपली दोन खोल्यांची सरकारी क्वार्टर. त्यामागे लगेच रान. सागवानाच्या बंड्या यायच्या, तुम्ही एकेका ओंडक्यावरची हातोड्याची खूण बोटाने चाचपून पाहायचात आणि बांबू वर करायचात. पण तुमची खरी नोकरी डोळ्यांची नव्हती, कानांची होती. कोसभर लांब कुऱ्हाड पडली तरी तुम्ही जेवता जेवता घास हातात धरून सांगायचात, "साग नोहे. धावडा हाय. वाळलेला." आईला याचा राग यायचा. ती म्हणायची, "माह्यं बोलनं तेवढं याहिले आयकू येत नाई." आणि तुम्ही खरोखरच ऐकलं नसल्यासारखं करून भात कालवत राहायचात. असे कान असलेल्या माणसाला गाण्याचं वेड नसतं तरच नवल. बदली होऊन जाणाऱ्या एका साहेबाचं सामान बैलबंडीत मावेना, म्हणून तो बाजा आपल्याकडे आला, सहा तबकड्यांसकट. त्यातली एक तडा गेलेली. दर फेऱ्याला टक् करायची. आईला नेमकी तीच आवडायची. तो टक्टक् ठेका तिच्या इतका अंगवळणी पडला होता, की तेच पद स्वतः गुणगुणताना ती मधेमधे जिभेने टक् करायची. सकाळची गस्त, आंघोळ आणि चहा आटोपला की नवाच्या सुमारास तुम्ही बाजा ओट्यावर आणायचात, किल्ली फिरवायचात आणि डोळे मिटून बसायचात. त्या वेळी बंडीवाल्यांनी सुद्धा आवाज द्यायचा नाही, असा अलिखित कायदा होता.

आणि दुसरा कायदा हाकेचा. तो तुम्ही मला फार लवकर शिकवलात, आणि तोही कान पिळून. मी लहान असताना एकदा रानातून कुणीतरी साद घातली आणि मी अंगणातून आनंदाने "ओऽ" दिली. तुम्ही चौकीतून तसेच उठून आलात. "रानातल्या पयल्या हाकेले ओ द्याची नाई. दुसरीले बी नाई. मानूस असन तं तिसरी मारन." मी कान चोळत विचारलं, "अन् मानूस नसन तं?" तुम्ही म्हणालात, "त्याले दोनच येते. तिसरी येत नाई." इतकं साधं सांगितलंत, जणू धान किती पायल्यांचं ते सांगत आहात. मी त्यानंतर कधीही, शाळेतसुद्धा, तिसऱ्यांदा बोलावल्याशिवाय उत्तर दिलं नाही आणि त्यापायी बाईंच्या छड्या खाल्ल्या. पण त्या मुलखात हे काही आपल्याच घरचं खूळ नव्हतं. आपल्या नाक्यापासून नाल्यापलीकडच्या टोल्यापर्यंत, त्या गोंडांच्या वस्तीपर्यंत, सगळी माणसं असंच करायची. हाक आली की सगळे हातातलं काम थांबवून मनातल्या मनात मोजायचे.

चैत्रात आई मोहाखाली जायची. आपल्या मागचा, वाटेच्या वळणावरचा एक मोह टोल्याच्या लोकांनी तिच्यासाठी सोडला होता. तिने त्याखालचा पाला जाळून जमीन काळीभोर, स्वच्छ करून ठेवली होती, म्हणजे पडलेलं फूल लगेच दिसतं. उजाडायच्या आत जायची आणि नऊपर्यंत टोपलं भरायची. भरलेलं टोपलं एकटीला डोक्यावर घेता येत नाही, म्हणून हाक मारायची, "ये वंऽऽ!" मी चुलीपाशी मोजायची. एक. थोड्या वेळाने, "ये वंऽऽ!" दोन. आणि मग तिसरी. ही तिसरी ती नेहमी हसत मारायची. तिला ठाऊक असायचं, की इकडे मी ऐकून गप्प बसले आहे आणि तिकडे ती ओरडते आहे, आणि हे सगळं तिच्या नवऱ्याच्या शहाणपणामुळे. त्या हसण्याने हाकेचं शेवटचं टोक तुटायचं. मग मी "ओऽ" देऊन पळायची. ती टोपल्यावर चुंबळ ठेवून उभी असायची. मी चुंबळ तिच्या डोक्यावर बसवायची, दोघी मिळून टोपलं उचलायचो, आणि ती त्या ओझ्याखालून म्हणायची, "आली माह्यी सायबीन तीन वेळा बोलावल्यावर."

त्या दिवशीची सकाळ मी तुम्हाला कधी नीट सांगितली नाही. आता सांगते. तुम्ही तडा गेलेली तबकडी लावलेली आहे. मी भात वेळते आहे, दोन्ही हातांत फडकं आणि भाताचा गरम गंज, पेज परातीत पडते आहे. बाजाची टक्, पेजेची धार, आणि त्यातून आईची हाक. मी मोजलं, एक. जरा वेळाने दुसरी. ती पहिल्यापेक्षा जरा घाईची वाटली, पण मला तर रोजच वाटायचं की ती घाई करते आहे. मी गंज सरळ केला, विस्तवावर ठेवला, हात पुसले आणि तिसरीसाठी उभी राहिले. तिसरी आली नाही. गाणं संपलं. तुम्ही तबकडी उलटवलीत, किल्ली फिरवलीत. दुसरी बाजूही संपली. मला वाटलं, टोपलं अजून थोडं रिकामं असेल, तिने विचार बदलला असेल. बाबा, मी काहीही विचार केला नाही, हे खरं. नुसती उभी होते. तुम्ही सुई बाजूला करून विचारलंत, "तुह्या मायची हाक नाई आली?"

मी म्हटलं, "नाई."

खोटं बोलते आहे असं मला तेव्हा वाटलं नव्हतं. दोन हाका म्हणजे हाक नव्हे, हे तुम्हीच शिकवलं होतं. तुम्ही लगेच उठलात. "बाजापायी आयकू आली नसन," म्हणालात, आणि कुऱ्हाड घेऊन निघालात. मी मागे. मोहाखाली टोपलं काठोकाठ भरलेलं होतं, एक फूल सांडलेलं नव्हतं, आणि त्यावर चुंबळ ठेवलेली. शेजारी काळ्या राखेवर वाघाची मोठाली पावलं उठली होती आणि फरफट नाल्याकडे गेली होती. तुम्ही माझं तोंड धरून मागे वळवलंत. इतक्या जोरात की तुमची बोटं दोन दिवस गालावर होती. टोल्याची माणसं डफडी आणि डबे बडवत आली. दुपारपर्यंत आई सापडली.

तेरावं झाल्यावर तुम्ही मला घेऊन चांद्याला गेलात. वैनगंगा नावेने ओलांडली, पुढे मोटार. तुम्ही बाजा आणला नव्हता, नुसती किल्ली खिशात घालून आणली होती, हे मला घड्याळवाल्या चाचांच्या दुकानात कळलं. किल्ल्याच्या भिंतीजवळ त्यांचं ते एवढंसं दुकान, चारी बाजूंना लटकलेली घड्याळं, आणि प्रत्येकात वेगळीच वेळ. आपल्या बाजाची स्प्रिंग दोनदा त्यांनीच बसवून दिली होती. तुम्ही किल्ली त्यांच्या पुढ्यात ठेवलीत. "वरीसभर ठेवा तुमच्यापाशी. घरी असली तं हात जाईन माहा." चाचांना सगळं कळलेलं होतं. ते किल्लीला हात लावेनात. "भाऊ, बाजे का क्या कुसूर? वो तो बेजान चीज है." तुम्ही म्हणालात, "कुसूर बाजाचा नाई. माह्या कानाचा हाय. थे बोलवत होती अन् मी गानं आयकून राह्यलो होतो. आता थोडे दिवस काई आयकनार नाई." मी तिथे स्टुलावर बसले होते. सांगायची वेळ होती तर तीच होती. दोन हाका आल्या होत्या बाबा, तुमच्या कानांना नाही, माझ्या कानांना आल्या होत्या. मी सगळ्या घड्याळांकडे एकेक करून पाहत राहिले. चाचांनी किल्ली फडक्यात गुंडाळून गल्ल्यात ठेवली. "साल के बाद खुद आके ले जाना. दुसऱ्या कोनाच्या हाती मी देनार नाई."

नुसता बाजा बंद झाला असता तर मी तेही निभावून नेलं असतं. पण तुम्ही सकाळचा तो तासच रिकामा करायला लागलात. नऊ वाजले की चौकीतून बाकडं उचलून क्वार्टरच्या मागे नेऊन ठेवायचात आणि मोहाकडे तोंड करून बसायचात. बंड्या आल्या तर बांबूपाशी खोळंबायच्या. बैलांच्या गळ्यातल्या घंटा वाजतात म्हणून तुम्ही बंडीवाल्यांना त्यात पाला कोंबायला लावलंत. आधी ते हसले, "नाकेदार सायेब, बैल रुसन ना!" मग हसायचे थांबले. पुढे पुढे न सांगताच वळणावर थांबायचे, खाली उतरून एकेका घंटेत पळसाची पानं भरायचे आणि नाक्यावरून मुकाट पुढे जायचे. त्या वाटेवर पाला कोंबलेल्या घंटांच्या बंड्या पाहून नवखी माणसं घाबरत असतील. आणि ती वरात! फाल्गुन असेल, ऊन चांगलं वर आलेलं. डफडं, सनई, मुंडावळ्या बांधलेला नवरदेव, सगळी थाटात येत होती. वळणावर बंडीवाल्यांनी त्यांना काय सांगितलं कोण जाणे. नाक्यापाशी आली तेव्हा सनईवाल्याने सनई खाली धरली होती आणि डफडेवाल्याने डफड्यावर पंचा टाकला होता. पन्नासएक माणसं, बायका, नवं कोरं लुगडं नेसलेली नवरी, सगळे लखलखीत उन्हात पायांचा सुद्धा आवाज न करता माझ्या समोरून गेले. नवरीने तेवढी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, ही सगळी मेलेली माणसं आहेत, किंवा आपण मेलो आहोत. नाल्यापलीकडे गेल्यावर एकदम डफडं वाजायला लागलं आणि मी दारातच खाली बसले. तुम्ही मागे बाकड्यावर होतात. तुम्ही वरात पाहिलीसुद्धा नाही.

हाका त्याच्या कितीतरी आधी सुरू झाल्या होत्या. मी पहिली ऐकली ती भर पावसाळ्यात, मोहाला फूल नसताना, पाऊस नुकताच उघडला होता. मी भांडी घासत होते. "ये वंऽऽ!" राखेचा हात तसाच राहिला. मग दुसरी. मग पानांवरून गळणारं पाणी, आणि काही नाही. मी स्वतःला बजावलं, कानात बसलेली हाक आहे, बाजाची टक् जशी आईच्या जिभेत बसली होती तशी. पण दुसऱ्या दिवशी मी मागच्या दारात उभी राहून तुमच्याकडे पाहिलं. पहिल्या हाकेला तुमची मान ताठ झाली. दुसरीनंतर तुमचे ओठ 'ओ'साठी गोल झाले आणि तसेच राहिले. आवाज नाही. कितीतरी वेळ तुम्ही तसेच, तोंड उघडं, तिसरीची वाट पाहत. मग ओठ मिटलेत आणि बाकडं उचलून चौकीत नेलंत, बंडीवाल्याला पावती मागितलीत. रोज हे. कधी तुम्ही विचारायचात, "आज काई आयकलं काय वं तू?" मी विचारायची, "काय?" तुम्ही म्हणायचात, "काई नाई." एका घरात दोन माणसं एकच हाक ऐकत होती आणि एकमेकांपासून लपवत होती. शिवाय तुमचाच कायदा तुमच्याही मनात असणार ना, बाबा? दोनच येतात ते माणूस नाही.

नाल्यापलीकडच्या टोल्यातली ती गोंड म्हातारी तुम्हाला आठवते का? चारोळी घेऊन यायची आणि मीठ मागून न्यायची. एक दिवस ती मागच्या अंगणात आली, तुमच्या पाठीकडे पाहिलं आणि मला ओढून चुलीपाशी नेलं. "पोरी, त्या दिशी दोन हाका झाल्या होत्या. म्या बी आयकल्या. मी माह्या मोहाखाली होती. तिसरीची वाट पाहून राह्यली होती." म्हातारीही मोजत होती. तीही उभी राहिली होती, माझ्यासारखीच. मी रडायला लागले, म्हटलं, "मी ओ देली असती तं?" ती म्हणाली, "तं तू गेली असती. मंग दोघी सापडल्या असत्या नाल्यात." मी विचारलं, "बाबाले सांगू?" तिने पदराने माझं नाक पुसलं, अगदी लहान पोराचं पुसावं तसं. "नोको सांगू. त्याले बाजाले दोस देऊ दे. बाजा मुका हाय, सहन करते. तुले सहन होनार नाई." मग जाता जाता मिठाची पुडी कमरेला खोचत म्हणाली, "थे दोनावर थांबली हाय. तिची एक बाकी हाय. थे मारल्याबिगर जाईन कशी?"

वर्षश्राद्ध झालं. चैत्र चालू होता, मोह पुन्हा टपटपत होता. तुम्ही चांद्याचं नाव काढत नव्हतात. माझं लग्न वैशाखात ठरलेलं होतं आणि तुम्ही सोयऱ्यांना सांगून टाकलं होतं की वाजंत्री येणार नाही. मला वाजंत्रीचं काही नव्हतं. पण मी सासरी गेल्यावर त्या क्वार्टरमध्ये तुम्ही एकटे, ते बाकडं आणि त्या दोन हाका, एवढंच उरणार होतं. तुमच्या गळ्याची हाडं दिसायला लागली होती. भात वाढला की तुम्ही घास हातात धरून बसायचात, पण आता कुऱ्हाड कुठे पडते आहे ते सांगायचा नाहीत. असं तुम्हाला सोडून जायचं कसं? मी ठरवलं, राहिलेली एक हाक आपण मारायची. आईसारखी, हसत. तुम्ही ओ द्याल, उठाल, निदान त्या बाकड्यावरून उठाल. पुढचं पुढे. आठ दिवस मी विहिरीवर कुणी नसताना ती हाक गळ्यात बसवत होते आणि ती बसत नव्हती.

त्या सकाळी मी आईचं टोपलं आणि चुंबळ घेऊन उजाडताच मोहाखाली गेले. तुम्हाला सांगितलं, टोल्यावर जाते. पाला जाळलेला नव्हता, फुलं पानांत शोधावी लागत होती, तरी टोपलं भरलं. हात कामात असले की भीती जरा लांब उभी राहते. ऊन फांद्यांतून खाली आलं. नाक्याकडून बाकडं ओढल्याचा आवाज आला, म्हणजे नऊ वाजले. दोन हाका होऊन गेल्या. मी चुंबळ हातात घेऊन उभी होते. मग तिसरी हाक उठली, आणि तिच्या पाठोपाठ तुमची ओ. अशी ओ मी आयुष्यात दुसऱ्या कुणाची ऐकली नाही. वर्षभर तोंडात धरून ठेवलेली. "ओऽऽऽ! आलो वंऽ! आलो, आलो!" तुम्ही अनवाणी धावत आलात, काट्यांतून, एक पाय रक्ताळलेला. मला पाहिलंत आणि थांबलात. माझ्या हातातली चुंबळ पाहिलीत. झाडामागे एकदा पाहिलंत. मला वाटलं, आता तुम्ही मला माराल, किंवा खाली बसाल आणि परत उठणार नाही. माझ्या हातातून चुंबळ घेतलीत, माझ्या डोक्यावर नीट बसवलीत, टोपलं उचलून वर ठेवलंत. आपण घरी आलो. तुम्ही पुढे, मी मागे, आणि वाटभर तुमच्या खांद्यांना हुंदके येत होते. त्यानंतर हाका आल्या नाहीत.

त्याच आठवड्यात तुम्ही चांद्याला जाऊन किल्ली आणलीत. चाचांनी तिला तेल लावून ठेवलं होतं म्हणे, आणि "बहुत दिन लगाए भाऊ" एवढंच बोलले. माझ्या लग्नात वाजंत्री नव्हती, पण मांडवात बाजा होता आणि तुम्ही स्वतः किल्ली फिरवत होतात. मला निरोप देताना तडा गेलेली तबकडी लावलीत. बंडी वळणावर पोचली तरी टक् ऐकू येत होती. बैलांच्या गळ्यातल्या घंटाही वाजत होत्या, मी मुद्दाम हात घालून पाहिलं, पाला नव्हता.

पुढे किती वर्षांनी, तुम्ही माझ्याच घरी आजारी पडून होतात. बाजा तुमच्यासोबतच आलेला होता. मी तुमचे पाय चेपत होते आणि त्या पायावरचा काट्याचा जुना व्रण बोटाखाली आला. तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "थे तिसरी हाक तुह्यी होती. मले तवाच समजलं होतं." मी चेपायची थांबले. तुम्ही म्हणालात, "दोन तिच्या होत्या. तिसरी तुह्यी. माह्यासाठी मारली तू. म्हनून मी सुटलो, पोरी. नाईतं त्या बाकड्यावरच गेलो असतो." मग जरा हसलात. "अन् हासली बी तू अगदी तिच्यासारखीच."

मी 'हो' म्हणून मान हलवली. तेवढ्यात तुम्ही डोळे उघडले, तुम्हाला ती दिसली असेल. चौथ्या दिवशी तुम्ही गेलात, समाधानाने गेलात असं सगळे म्हणाले, आणि मला त्यावर विश्वास ठेवायला आवडतं.

आता हे पत्र लिहून झालं की घडी घालून बाजाच्या झाकणात ठेवणार आहे, तडा गेलेल्या तबकडीच्या पाकिटात. सुनेला ते सापडणार नाही, ती नुसतं वरून पुसते. त्या सकाळच्या दोन हाकांचं मी सांगितलं, त्याचं तुम्ही काय ते करा. रागवा, किंवा त्या म्हातारीसारखं नाक पुसा. पण तिसरीचं राहिलं आहे. बाबा, त्या दिवशी मी तोंड उघडलं आणि आवाज निघाला नाही. मी तशीच उभी होते आणि हाक माझ्या पाठीमागून आली. अगदी जवळून, हात लांब केला तर लागेल इतक्या. शेवटचं टोक हसण्याने तुटलेलं. ती आई होती, दुसरं कुणी असूच शकत नव्हतं; तुमच्याच कायद्याने, तिसरी आली म्हणजे माणूसच. टोपलं भरलेलं होतं आणि ती मला उचलू लागायला बोलवत होती.

मी मागे वळून पाहिलं नाही. मला भीती वाटली. माझ्या स्वतःच्या आईची.

आज चैत्रातला नववा दिवस. आमच्या इमारतीमागे रेल्वेच्या जागेत एक जुना मोह उरला आहे, त्याला फूल आलं आहे. चैत्र लागला त्याच सकाळी नवाच्या सुमाराला एक हाक आली, आणि थोड्या वेळाने दुसरी; तेव्हापासून रोज दोनच. म्हणून किल्ली उशाशी आहे आणि रेडिओ बंद; तिसरी आली तर ऐकू यायला हवी.

या खेपेला वळून पाहीन म्हणते.